भिंतीचा जबाब

बँकेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. समोर बसलेल्या माणसाला "ह्याची झेरॉक्स आणा, इथे सही राहिलीय, ह्यावर तारीखच नाही" हे सांगण्यात माझी हयात गेली. आणि माझ्याच घराची भिंत पावसाळ्यामागून पावसाळे कुजत होती, तेव्हा तारीख असलेला एक कागद माझ्याकडे नव्हता. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मी कुणी शहाणी बाई असल्याचा आव येणार नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर आम्ही दोन बेडरूमचं घर घेतलं. डिसेंबर २०१८ मध्ये ताबा मिळाला. मुलांच्या खोलीची भिंत पश्चिमेला, समोर मोकळं. जानेवारीत त्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचं आम्हाला कोण कौतुक! तोच वारा जुलैत पावसाला सोबत घेऊन त्याच भिंतीवर आडवा येऊन आपटणार, हे घर घेताना कोणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं, घर दाखवतात ते नेहमी थंडीत.

२०१९ च्या जुलैत खिडकीच्या खाली भिंतीला घाम फुटल्यासारखं दिसलं. मग रंग फुगला, पोपडे आले. साइटवरचा इंजिनीअर येऊन बघून गेला. "मॅडम, नवीन प्लास्टर आहे. पहिला पावसाळा भिंत पाणी पितेच. एक सीझन जाऊ द्या." सासूबाईंनीही मान डोलावली, त्यांच्या माहेरच्या घराला म्हणे तीन वर्षं ओल होती. बिल्डरने पेंटर पाठवला. त्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर दोन हात दिले. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि भिंत कोरी करकरीत झाली, म्हणून आम्ही त्याला चहा पाजून वर दोनशे रुपये दिले. स्वतःच्या विरोधातला पुरावा पुसून टाकण्याचे पैसे बिल्डरने दिले हे समजू शकतं. आम्ही त्यात बक्षिसीची भर घातली!

२०२० चा पावसाळा सगळ्यांनीच घरात काढला. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. शाळा त्याच खोलीत, झोप त्याच खोलीत, क्रिकेटही त्याच खोलीत. ऑगस्टमध्ये त्याला खोकला लागला तो दिवाळीपर्यंत. रात्री छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी पंप सुरू केला. तो खोकला आणि ती भिंत यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा आमच्या मनातही आलं नाही. त्या वर्षी खोकल्याची भीती वेगळ्याच कारणासाठी होती.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, एका लग्नासाठी सासूबाईंचा मोरपंखी शालू काढायला मी कपाट उघडलं. ते कपाट त्याच भिंतीला टेकून होतं. शालूच्या जरीवर हिरवट ठिपके होते. मागची फळी बोटाने चाचपली, तर प्लायवूड भिजलेल्या पापडासारखं हातात आलं. आम्ही दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. भिंतीवर पुरुषभर उंचीचा काळा पट्टा होता, मध्ये कापसाच्या पेळूसारखे पांढरे पुंजके. बोट लावलं तर काजळासारखं काळं बोटाला आलं. आणि वास! पावसाळाभर बंद राहिलेल्या दप्तराचा असतो ना, तो कुबट वास, पण दहा दप्तरांचा.

त्यानंतरच्या चार तासांत मी जे केलं ते कोणी करू नये. तोंडाला काही न बांधता खराट्याने भिंत घासली. ब्लीचिंग पावडर मारली. कपाट भंगारवाल्याला तीनशे रुपयांना दिलं. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला. एक फोटोसुद्धा काढला नाही. लेकीने मात्र मैत्रिणीला चिडवायला एक काढून पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे भूत राहायला आलंय.' पुढे प्रकरण उभं राहिलं तेव्हा त्या काळातला तारखेसकट असलेला एवढा एकच पुरावा सापडला. बिल्डरच्या माणसाशी झालेले व्हॉट्सॲपवरचे निरोप मी फोन बदलताना गमावले होते.

मग मी वाचायला लागले. भलत्या वेळी जागणारी बाई आणि हातात फोन, म्हणजे काय काय सापडतं! 'विषारी काळी बुरशी', तिचं स्टॅकीबोट्रिस हे नाव, अमेरिकेतले कोट्यवधी डॉलरचे दावे. टेक्सासमधल्या मेलिंडा बॅलार्ड यांना २००१ मध्ये ज्यूरीने विमा कंपनीकडून ३.२ कोटी डॉलर देवविले होते. मी मनातल्या मनात माझ्या दाव्याचा आकडा वाढवत होते.

आमच्या वकीलबाईंनी तो फुगा पहिल्याच भेटीत फोडला. म्हणाल्या, "काकू, पुढचंही वाचलंत का?" मी वाचलं नव्हतं. बॅलार्डबाईंच्या खटल्यात बुरशीने आजार झाला याबद्दलची तज्ज्ञांची साक्ष न्यायाधीशांनी ज्यूरीसमोर येऊच दिली नव्हती. पैसे मिळाले ते पाणीगळतीचा दावा कंपनीने नीट हाताळला नाही म्हणून, आणि पुढच्याच वर्षी अपिलात ती रक्कम ४० लाख डॉलरवर आली. क्लीव्हलँडची गोष्टही तशीच. तिथे १९९०च्या दशकात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि बोट काळ्या बुरशीकडे दाखवलं गेलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००० साली आपलाच निष्कर्ष पुन्हा तपासला आणि हा संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं.

याचा अर्थ बुरशी निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवरच मार्गदर्शिका काढली. ओल्या घरांत दमा, खोकला, छातीतली घरघर आणि श्वसनाचे विकार जास्त आढळतात, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. पण हजारो घरांबद्दल हे म्हणता येणं वेगळं, आणि ह्याच पोराला ह्याच भिंतीमुळे दमा झाला हे सिद्ध करणं वेगळं. मध्ये धूळ आहे, घोडबंदरच्या ट्रकांचा धूर आहे, आजोबांकडून आलेला दमा आहे. वकीलबाईंचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: आजार सिद्ध करायला जाऊ नका, पाणी सिद्ध करा. पाणी कुठून आलं, कधीपासून येतंय आणि कोणाला कधी कळवलं.

वाक्य लिहिलं खरं, पण पचायला वेळ लागला. मध्येच मी नऊ हजार रुपये घालवून घरातल्या हवेची तपासणी करून घेतली. अहवाल झकास होता, चार रंगांत. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, सगळ्या बुरश्यांची नावं आणि आकडे. पुढे समोरच्या वकिलांनी तो उलटून बघितला आणि म्हणाले, "ह्या तर गच्चीवरच्या हवेतही मिळतील." खरंच मिळतात. घरात अमुक इतकी बुरशी म्हणजे धोका अशी रेषा कोणी आखलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही आकडा दिलेला नाही, ओलच राहू देऊ नका एवढंच सांगितलंय. आकडा जास्त आहे म्हणायचं तर कशापेक्षा? तेच नऊ हजार आधी इंजिनीअरला दिले असते तर!

तो इंजिनीअर अखेर आला जून २०२२ मध्ये. साठीचा, खांद्याला शबनम, कमी बोलणारा. त्याने माझ्याकडे तांब्याभर पाणी मागितलं. मला वाटलं तहान लागली असेल. त्याने ते खिडकीच्या बाहेरच्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर हळूच ओतलं आणि आम्ही सगळे बघत राहिलो. पाणी बाहेर पडायच्या ऐवजी शांतपणे आत, चौकटीकडे आलं आणि कोपऱ्यातल्या फटीत नाहीसं झालं. पट्टीला उतार बाहेर हवा, तो आत दिला होता. तीन पावसाळे असं लाखो तांबे पाणी आमच्या भिंतीत गेलं. दुसरा दोष त्याने बाहेरून दाखवला. काँक्रीटचा बीम आणि खालची ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावर आडवी सरळ चीर होती. तिथे प्लास्टरखाली चिकन मेश मारायला हवी होती, ती नव्हती. काँक्रीट आणि ब्लॉक ऊन लागलं की सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे सांध्यावर प्लास्टर तडकणारच.

जाताना त्याने स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल मागितलं. हातभर लांबी-रुंदीचे दोन तुकडे, एक ओल्या भिंतीवर, एक त्याच खोलीतल्या आतल्या कोरड्या भिंतीवर, चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद. "दोन दिवसांनी सोडवा. पाणी फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला असेल तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असेल तर तुमच्या श्वासाचं, कपड्यांचं, स्वयंपाकाचं." दोन दिवसांनी ओल्या भिंतीवरचा तुकडा मागून थबथबलेला होता आणि खोलीकडून कोरडा. कोरड्या भिंतीवरचा दोन्हीकडून कोरडा. त्या दिवशीचं वर्तमानपत्र शेजारी धरून आम्ही व्हिडिओ काढला. भिंतीचा जबाब म्हणायचा तर तो हाच.

ही फॉइलची गोष्ट एवढी लांबवून सांगतेय, कारण समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न मला विचारला तो, "पावसाळ्यात कपडे कुठे वाळवता, मॅडम?" आता ठाण्यात जुलैत कपडे कुठे वाळवतात? घरातच, दोऱ्या बांधून. पंखा लावून. मी खरं ते सांगितलं आणि त्यांनी समाधानाने लिहून घेतलं. घर तुम्ही ओलं करता, आम्ही नाही, असा तो सूर. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे झालेल्या श्वसनविकाराने ते दगावलं, असं नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूचौकशी करणाऱ्या कॉरोनरने नोंदवलं. बाप २०१७ पासून तक्रार करत होता. त्याला आधी वरून रंग मारायला सांगितलं गेलं, आणि पुढे कुटुंबाच्या राहणीवर खापर फोडलं गेलं. रॉचडेल काय आणि ठाणे काय, रंगाचा डबा तोच आणि कपड्यांची दोरीही तीच. फरक एवढाच की तिथे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना गंभीर ओल-बुरशीची तक्रार आल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी करावी लागते, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल.

आपल्याकडे असा खास बुरशीचा कायदा नाही. पण जो आहे तो मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला तर नुकसानभरपाईचा हक्क. यातले 'दाखवून दिला' हे दोन शब्द पुन्हा वाचा. आम्ही २०१९ पासून दाखवतच होतो, पण तोंडी. तोंडी दाखवलेलं कायद्याला दिसत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिलं रीतसर पत्र रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह गेलं, सोबत इंजिनीअरचा अहवाल आणि फोटो. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय. तुम्ही स्पीड पोस्ट करा आणि पोच झाल्याचं छापून ठेवा.) उत्तर आलं नाही, पेंटर आला. मी त्याला पहिल्यांदाच परत पाठवलं. घरात सगळे माझ्यावर नाराज, पुढे दिवाळी होती.

महारेराकडे तक्रार ऑगस्ट २०२३ मध्ये केली. शुल्क ५,००० रुपये. पाच वर्षं संपायला चार महिने उरले होते. इथे एक गाठ आहे जी मला उशिरा सुटली. दुरुस्ती करून द्या हा आदेश प्राधिकरण देऊ शकतं, पण नुकसानभरपाईची रक्कम ठरवायचं काम वेगळ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याचं असतं, आणि ती व्यक्ती जिल्हा न्यायाधीश असलेली किंवा राहिलेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे पक्कं केलं. म्हणजे काय मागताय ते आधी ठरवा, आणि अर्ज त्याप्रमाणे करा. सगळं एकाच कागदात कोंबलं की तारखा वाढतात.

ग्राहक आयोगाची वाटही आहे. तिथे दाव्याचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं, आणि घरासाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. आणि बिल्डरची मुदत संपून गेलेली असेल तर बाहेरची भिंत, गच्ची, सामाईक पाइप यांतून येणारं पाणी हे सोसायटीचं काम आहे. आदर्श उपविधीत ते लिहिलेलं आहे, सेक्रेटरींनी वाचलेलं असेलच असं नाही. सोसायटी दाद देत नसेल तर सहकार न्यायालय. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येत असेल तर मात्र तो वरच्यांचा खर्च, आणि त्याची खूण सोपी: मे महिन्यातही भिंत ओली राहते. खात्री करायची तर नहाणी ट्रॅप बंद करून, रंगीत पाणी साठवून दोन दिवस वाट बघायची. फक्त वरच्यांना विचारून. आमच्या बिल्डिंगमध्ये या एका चाचणीवरून दोन घरांचं येणंजाणं बंद झालंय. विम्याकडून मी काही अपेक्षा ठेवली नव्हती आणि ते बरंच झालं. माझ्या पॉलिसीत पाइप फुटला तर संरक्षण होतं, हळूहळू मुरणाऱ्या ओलीला नव्हतं.

समझोता झाला तो महारेराच्या सलोखा मंचात, दुसऱ्या बैठकीत. मी मागितले होते सहा लाख चाळीस हजार. त्यात कपाट, शालू, तीनदा रंगकाम, दीड महिना दुसरीकडे राहिलो ते भाडं, डॉक्टरांची बिलं, इंजिनीअर, वकील आणि 'मानसिक त्रास' या नावाखाली दोन लाख. मिळाले एक लाख पंधरा हजार, आणि बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती. ज्या नोंदीला कागद होता तिचे पैसे मिळाले. इंजिनीअरची फी पूर्ण मिळाली. भाड्याची पावती होती, तेही मिळालं. कपाट भंगारात गेलेलं, पावती हरवलेली, त्याचं काही नाही. शालूचा फोटो नव्हता. डॉक्टरांच्या एकाही कागदावर घरात ओल असल्याची नोंद नव्हती, कारण आम्ही डॉक्टरांना ते कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही सांगा, पहिल्याच भेटीत, आणि केसपेपरवर लिहायची विनंती करा. आजार बुरशीमुळे झाला असं लिहा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. ते लिहिणार नाहीत आणि लिहू नयेच. 'रुग्णाच्या खोलीत ओल व बुरशी असल्याचं पालक सांगतात' एवढं पुरे.

पुरावा एकीकडे, पण त्या खोलीत माणसं राहत असतात. दमेकरी, तान्हं मूल, केमो चालू असलेलं कोणी असेल तर त्यांना आधी दुसऱ्या खोलीत हलवा, फोटो नंतर. मग फोटो काढा, पट्टी टेकवून मापासकट. मग साफ करा. वर्तमानपत्राच्या दोन पानांएवढा डाग असेल तर घरच्या घरी चालतं: एन-९५ मास्क, हातमोजे, दार बंद, खिडकी उघडी. कोरडं घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा आणि पुरतं वाळवा. ब्लीचने रंग जातो म्हणून समाधान वाटतं, पण भुसभुशीत प्लास्टरच्या आतलं मूळ त्याने जात नाही. फुगलेलं प्लायवूड, गाद्या, जिप्समचं छत यांना वाचवायचा प्रयत्न करू नका. टाकण्याआधी मात्र फोटो, आणि बिल्डरला दोन ओळींचं पत्र: अमुक तारखेला टाकतोय, बघायचं असेल तर येऊन बघा. इंग्रजी पुस्तकांत घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. जुलैत घोडबंदरला? वाचून हसू येतं. पण कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवणं आपल्या हातात आहे.

दुरुस्ती मार्च २०२४ मध्ये झाली. झुल्यावर बसून दोन मुलं खाली आली, सांधा खोदला, जाळी मारली, पट्टी उखडून उतार बाहेर दिला. मी त्यांना वरून तांब्याभर पाणी ओतून दाखवायला लावलं. ते हसले, पण ओतलं. पाणी सात मजले खाली गेलं. धाकट्याचा पंप आता कमी लागतो. भिंत सुकली म्हणून, की तो मोठा झाला म्हणून, डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारणं सोडून दिलंय.

गेल्या महिन्यात नवव्या मजल्यावरच्या नव्या सुनेचा फोन आला. "काकू, आमच्या भिंतीला पोपडे धरलेत. तुमचा पेंटर चांगला आहे ना? उद्याच बोलावते, परवा सासरचे येतायत."

"पेंटर राहू दे," म्हटलं, "मी येते." आणि स्वयंपाकघराच्या खणातून फॉइलची गुंडाळी काढली. चिकटपट्टी काही केल्या सापडेना.